चिमटीतलं तेल

मिस्त्री इंजिनातली ऑइलपट्टी उपसतात, फडक्यानं पुसतात, पुन्हा बुडवून वर काढतात. टोकाला लोंबणारा थेंब अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घेऊन सावकाश चोळतात, बोटं लांब करून तार कितपत धरते ते बघतात आणि सांगतात, "दम हाय आजून ऑइलात. चालू द्या, दादा." जालन्यातल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजांत हे दृश्य रोजचं आहे. मीही या चिमटीवर वर्षानुवर्षं विश्वास ठेवला. तिच्यात अनुभव असतो, आणि तेल घट्ट झालं की पातळ एवढं ती बहुतेक वेळा बरोबर सांगते. पण एका ऊसहंगामात तिच्या हातून जे निसटलं, त्यानं मला हा विषय मुळापासून समजून घ्यायला लावला.

घनसावंगीकडे माझे मामा आहेत. त्यांचा ट्रॅक्टर त्या वर्षी दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर ऊस ओढत होता. ओझं वाढलं म्हणून डिझेलचा पंप वाढवून घेतलेला. शिवाय लिटरमागं काही रुपये वाचतात म्हणून बायोडिझेल या नावानं मिळणारं इंधन ड्रमनं आणून टाकीत जात होतं. हंगामात दोनदा ऑइलची चिमूट घेतली गेली आणि दोन्ही वेळा तेल बरोबर निघालं. फेब्रुवारीत इंजिनाचा आवाज बदलला. खालचं चेंबर उतरवलं, कॅमशाफ्ट बाहेर काढली आणि ती माझ्या हातात आली.

कॅमशाफ्ट म्हणजे एका दांड्यावर ओळीनं बसवलेली लोखंडी अंडी. प्रत्येक अंड्याचं टोक, ज्याला नाक म्हणतात, ते खालून टॅपेटला उचलतं आणि त्यातून व्हॉल्व्ह उघडतो. या दांड्यावरच्या दोन अंड्यांची नाकं चपटी झाली होती. बोट फिरवलं तर गुळगुळीत, आरशासारखं चकचकीत. उन्हात तिरकं धरलं तेव्हा त्या चकाकीत फिरण्याच्या दिशेनं गेलेल्या केसाहून बारीक रेघा दिसल्या. त्यांच्या टॅपेटचं तोंड देवीच्या व्रणांसारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालेलं. क्रँकवरच्या अर्धगोल बेअरिंगांचा वरचा राखाडी थर जागोजागी निघून खालचा तांबूस थर उघडा पडला होता. आणि हे सगळं ज्या तेलात घडलं, ते चिमटीत चांगलं लागत होतं.

त्याचं कारण असं की तेलात दोन परकी द्रव्यं एकाच वेळी शिरली होती. काजळी तेलाला घट्ट करते, इंधन त्याला पातळ करतं. दोन्ही वाढत गेली आणि बोटांना मात्र त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन उरलेला घट्टपणा लागत राहिला. दोन आजारांनी एकमेकांची लक्षणं झाकली होती.

आधी काजळीचं बघू, कारण ती आपल्या घरातलीच आहे. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडायची रीत अजून काही घरांत आहे. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की तेलातला कार्बन पुरता जळत नाही आणि त्याचे अतिसूक्ष्म कण ताटलीला चिकटतात. ते तुपात खलून डोळ्यात घातलं तरी खुपत नाही. मग डोळ्याला न बोचणारी ही वस्तू पोलादाला कशी झिजवते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून साधारण सोळा-अठरा पट लहान केली जाते, त्या दाबानं ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तप्त हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतो. फवाऱ्याच्या कडेला भरपूर हवा असते, तिथलं इंधन स्वच्छ जळतं. पण फवाऱ्याच्या गाभ्यात हवा पोचायच्या आत उष्णता पोचते. तिथं इंधनाचे रेणू मोडतात, त्यांचे तुकडे एकमेकांना जोडून कड्या होतात, कड्यांचे थर चढून कार्बनचे गोळे होतात. यातली बरीचशी काजळी पुढच्याच क्षणी हवा मिळून जळून जाते. उरलेली धुराड्यातून काळा धूर होऊन बाहेर पडते. थोडीशी मात्र सिलिंडरच्या तुलनेनं थंड भिंतीकडे ओढली जाऊन तिथल्या तेलाच्या पापुद्र्यात अडकते, आणि पिस्टनच्या रिंगा खाली येताना ती खरवडून चेंबरमध्ये सोडतात.

पंप वाढवणं म्हणजे दर फवाऱ्याला जास्त इंधन सोडणं. हवा तेवढीच राहते. त्यामुळे गाभ्यातली उपासमार वाढते आणि काजळीही वाढते. धुराड्यातून उसळणारा काळा लोट म्हणजे इंजिनाची ताकद, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की ओढाओढीच्या शर्यतीत लोक त्याला टाळ्या वाजवतात. खरं तर तो न जळलेला पैसा असतो, आणि त्याचाच एक हिस्सा मुकाट खाली तेलात उतरत असतो.

काजळीचा मूळ कण वीस ते पन्नास नॅनोमीटरचा असतो. केसाची जाडी सत्तर मायक्रोमीटर धरली तर एका केसाच्या आडव्या रुंदीत असे हजारभर तरी कण ओळीनं बसतील. म्हणून तो ऑइल फिल्टरमधून सहज निसटतो. फिल्टर जे पकडतो ते याच्या शेकडो पट मोठे असतात. एकेकटा कण फारसा त्रासही देत नाही. अडचण होते ती त्यांच्या घोळक्यांची. कण एकमेकांना धरून द्राक्षाच्या घडासारखे दोनशे-तीनशे नॅनोमीटरचे पुंजके करतात. आता हे मोजमाप तेलाच्या पापुद्र्याशी ताडून बघा. क्रँकच्या बेअरिंगमध्ये तो पापुद्रा एक-दोन मायक्रोमीटर जाड असतो, तिथून पुंजके निभावून जातात. पण कॅमचं नाक टॅपेटवर घासतं तिथं, आणि पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो तिथं वरच्या रिंगेखाली, हा पापुद्रा शंभर नॅनोमीटर किंवा त्याहूनही पातळ होतो. म्हणजे दरवाजा लहान आणि पाहुणा मोठा. सिलिंडरचा लायनर, म्हणजे आतली नळी, उघडल्यावर मिस्त्री वरच्या टोकाजवळ नख फिरवून 'पायरी पडली' म्हणतात, ती याच थांब्याच्या जागी पडलेली असते.

चांगलं इंजिन ऑइल या घोळक्यांना होऊच देत नाही. त्यात विखुरकं द्रव्य घातलेलं असतं. त्याच्या रेणूचं एक टोक काजळीला चिकटतं, दुसरी लांब शेपटी तेलात तरंगते. प्रत्येक कणाभोवती अशा शेपट्यांची झालर तयार झाली की दोन कण जवळ येऊ शकत नाहीत. काजळी तेलात एकसारखी विखुरलेली राहते, आणि तेल काळं दिसतं. डिझेल इंजिनात नवं तेल थोड्याच तासांत काळं पडतं, ते याच कारणानं. काळं झालं म्हणून घाबरून तेल बदलणारा शेतकरी मला भेटला आहे, आणि दुसऱ्या बाजूला 'आमचं ऑइल बघा, अजून सोनेरी' असं अभिमानानं सांगणाराही. दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याची काजळी तेलात नसेल तर ती चेंबरच्या तळाशी चिखल होऊन बसली असण्याचा संभव आहे. रंगावरून तेलाची पारख करू नये, असं माझं ठाम मत आहे.

विखुरक्याचा साठा मात्र मोजका असतो. ट्रॅक्टरच्या इंजिनात सहा किलो तेल धरलं आणि त्यात तीन टक्के काजळी झाली, तर ती भरते १८० ग्रॅम. एवढ्या काजळीला झालर पुरवता पुरवता द्रव्य संपत येतं. मग घोळके जमतात, तेल घट्ट होतं, थंडीत सेल मारताना इंजिन जड जातं, आणि अरुंद जागांच्या तोंडाशी पुंजके अडकून तेलाची वाटच अडते.

झिजेची खरी कहाणी त्याच्याही पुढची आहे, आणि मला ती फार विलक्षण वाटते. धातूवर धातू घासतो तिथं केवळ तेलाच्या निसरडेपणावर भागत नाही. म्हणून १९४० च्या दशकापासून इंजिन ऑइलमध्ये जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक संयुग घालतात. त्याचं लांबलचक नाव आखडून झेडडीडीपी म्हणतात. घर्षणाच्या जागी, उष्णता आणि दाबाखाली, हे संयुग मोडतं आणि लोखंडावर काचेसारखा एक कठीण थर चढवतं. जाडी साधारण शंभर नॅनोमीटर. पुढचं घासणं या थरावर होतं, लोखंड वाचतं. थर झिजला की तेलातून नवा चढतो. जखमेवर खपली धरावी तसं हे आहे.

काजळी ही खपली टिकू देत नाही. १९७७ मध्ये जनरल मोटर्सच्या एफ. जी. राउंड्स यांनी डिझेल इंजिनाच्या झिजेला कार्बन कारणीभूत आहे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा शोधनिबंध लिहिला. काजळी या संरक्षक संयुगाचे तुकडे स्वतःवर शोषून घेते आणि लोखंडापर्यंत पोचू देत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे २०१० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ह्यू स्पाइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काजळीच्या जागी कारखान्यात बनलेला काळा कार्बन वापरून प्रयोग केले, तेव्हा एक चकित करणारी गोष्ट हाती आली. नुसत्या कार्बननं जेवढी झीज झाली, त्याहून जास्त झीज कार्बन आणि झेडडीडीपी एकत्र असताना झाली. राखणदार ठेवल्यावर चोरी वाढावी तशी ही गोष्ट. त्यांचा उलगडा असा: झेडडीडीपी लोखंडाशी झटकन रासायनिक संयोग करून आधी एक कोवळा थर बनवतं. तो पक्का होण्याआधीच कार्बनचे कण तो खरवडून नेतात. उघड्या लोखंडावर लगेच दुसरा कोवळा थर बनतो, तोही जातो. प्रत्येक थरात थोडं लोखंड खर्ची पडलेलं असतं. खपली धरायची आणि कुणी तरी ती रोज खाजवून काढायची, म्हणजे जखम भरण्याऐवजी खोल होत जाते. मामांच्या कॅमवरची ती चकाकी आता मला कळली. झिजेचं काम इतक्या बारीक हातानं झालं होतं की पृष्ठभागाला जणू पॉलिश चढलं. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर कॅम हजार फेरे घेतो. अडीचशे तासांत एका नाकावर दीड कोटी वेळा हे घडतं.

आता दुसरं द्रव्य. बायोडिझेलबद्दल मनात अढी घेऊन लिहायची माझी इच्छा नाही, कारण कल्पना उत्तम आहे आणि जुनीही आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. कच्चं वनस्पती तेल फार घट्ट असतं, म्हणून त्यावर मिथेनॉल आणि थोड्या दाहक सोड्याची प्रक्रिया करतात. तेलाच्या रेणूतलं ग्लिसरीन सुटून खाली बसतं आणि वर राहतो पातळ मिथाइल एस्टर. तेच बायोडिझेल. सरकी, सोयाबीन, करंज, तळणाचं उरलेलं तेल, कशापासूनही ते बनतं. त्याच्या रेणूत वजनाच्या सुमारे अकरा टक्के प्राणवायू असतो. म्हणजे फवाऱ्याच्या उपाशी गाभ्यात ते स्वतःची शिदोरी घेऊन जातं, आणि काजळी कमी होते. शिवाय गंधक काढलेल्या आजच्या डिझेलमध्ये एक-दोन टक्के बायोडिझेल असलं तर इंधनपंपाला चांगलं वंगण मिळतं. टाकीत, पंपात, ज्वाळेत ते मित्र आहे. चेंबरमध्ये उतरलं की मात्र गोष्ट बदलते.

ते चेंबरमध्ये उतरतं कसं? नोझल टपकत असेल, रिंगा ढिल्या असतील, इंजिन थंडपणी चालवलं असेल, की इंधनाचे थेंब न जळता भिंतीला लागतात आणि रिंगांबरोबर खाली जातात. कारखान्याच्या आवारात रात्रभर नंबराची वाट बघत, दोन हात पुढं सरकायला इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा डोळ्यांसमोर आणा. पौषातली थंडी, अर्धवट तापलेलं इंजिन. इंधन खाली उतरायला याहून सोयीची स्थिती नाही. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एका गतीनं पळणाऱ्या ट्रकचं इंजिन याबाबतीत सुखी असतं. नव्या गाड्यांची तऱ्हा पुन्हा निराळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळीची गाळणी बसली. ती भरली की जाळून साफ करावी लागते, आणि त्यासाठी बऱ्याच इंजिनांत उशिरानं एक जादा फवारा मारतात. त्यातला काही भाग भिंतीवर बसून तेलात जातो.

साधं डिझेलही असंच उतरतं. पण त्याच्यात हलके भाग असतात, इंजिन नीट तापलं की ते हळूहळू वाफ होऊन निघून जातात. बायोडिझेल जवळपास सगळंच ३३० ते ३६० अंशांच्या आसपास उकळतं, आणि चेंबरमधलं तेल असतं शंभराच्या घरात. फरशीवर रॉकेल सांडलं तर हळूहळू उडून जातं, खोबरेल सांडलं तर पुसेपर्यंत तिथंच राहतं. तसा हा फरक आहे. इंधनात बायोडिझेल थोडं असलं तरी डिझेल उडत जातं, बायोडिझेल मागं साचत राहतं, आणि तेलातलं त्याचं प्रमाण इंधनातल्या प्रमाणापेक्षा वाढतं. पट्टीवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ते इंधन असतं.

साचलेलं बायोडिझेल पहिल्या टप्प्यात तेलाला पातळ करतं, म्हणजे पापुद्रा आणखी बारीक होतो. ते ध्रुवीय असल्यामुळे धातूला स्वतः जाऊन चिकटतं आणि झेडडीडीपीची जागा अडवतं. ताज्या स्थितीत त्याच्या निसरडेपणामुळे घर्षण थोडं कमीही भरू शकतं, म्हणून इंजिन चालवणाऱ्याला काही जाणवत नाही.

दुसरा टप्पा ते शिळं झाल्यावर येतो. मराठवाड्यात ज्यांच्या घरी करडईचं तेल असायचं, त्यांना डब्याच्या तोंडाशी धरणारा पिवळट, चिकट राप आठवत असेल. तो साबणानंही निघत नाही. करडई, सोयाबीन, सरकी यांच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, त्याच्या रेणूत दुहेरी बंध असतात, आणि हवेतला प्राणवायू नेमका तिथं हल्ला करतो. रेणू तुटून आंबट आम्लं होतात किंवा एकमेकांत गुंतून राप होतात. बायोडिझेल झाल्यावरही ते बंध तसेच राहतात. म्हणून युरोपीय मानकात बायोडिझेलची एक कसोटी आहे: ११० अंशांवर तापवून त्यातून हवा सोडायची आणि ते किमान आठ तास टिकलं पाहिजे. आता विचार करा, आपल्या चेंबरमध्ये जवळपास तेवढ्याच उष्णतेत, हवेत घुसळलं जात, लोखंडाच्या आणि तांब्याच्या संगतीत ते शेकडो तास राहतं. इंजिन ऑइलमधली प्रतिबंधक द्रव्यं त्याला काही काळ सांभाळतात. ती खर्ची पडली की आम्लं वाढतात. आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये चुनखडीचे, होय, खरोखर कॅल्शियम कार्बोनेटचेच, अतिसूक्ष्म कण घातलेले असतात. तेही संपले की आम्ल बेअरिंगच्या वरच्या थरातल्या शिशाला आणि त्याखालच्या तांब्याला खातं. मामांच्या इंजिनातला तो तांबूस रंग असा उघडा पडला होता.

दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं, हे आता वेगळं सांगायला फारसं उरत नाही. काजळी खपली खरवडते आणि बायोडिझेल नवी खपली धरू देत नाही. विखुरकं द्रव्य काजळीच्या मागं खर्च होत असतानाच बायोडिझेलचा राप त्याच्यावर हक्क सांगतो. पातळ झालेल्या पापुद्र्यात त्याच आकाराचा पुंजका जास्त खोल रेघ काढतो. आणि चिमटीत तेल बरोबर लागतं.

यात आणखी एक गोष्ट मिसळली होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून चीड आहे. ड्रममधलं ते इंधन बायोडिझेल होतं की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. खऱ्या बायोडिझेलला भारतीय मानक आहे, आयएस १५६०७. त्यात ग्लिसरीन किती उरावं, पाणी किती असावं, आम्लता किती, सगळं बांधलेलं आहे. पंपावरच्या डिझेलमध्येही मानकानुसार सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानं २०३० पर्यंत पाच टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं, प्रत्यक्षात मात्र मिश्रण बराच काळ एक टक्क्याच्याही आत राहिलं. त्या मापात, त्या दर्जाचं बायोडिझेल इंजिनाचं वाटोळं करत नाही. वाटोळं होतं ते या नावाच्या आडोशानं विकल्या जाणाऱ्या, अर्धवट प्रक्रिया झालेल्या किंवा भलत्याच द्रवांनी. हंगामावर कर्ज काढून ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला ते विकणं हा मोठा अपराध आहे.

मग तेल पारखायचं कसं? खरी वाट प्रयोगशाळेची. तेलाचा नमुना ज्वाळेत किंवा विजेच्या ठिणगीत जाळून त्यातल्या धातूंचा प्रकाश मोजतात. लोखंड वाढलं तर कॅम, लायनर, क्रँक यांच्याकडे बघायचं. शिसं-तांबं वाढलं तर बेअरिंगकडे. सिलिकॉन वाढलं तर हवेच्या फिल्टरमधून धूळ शिरते आहे. रेल्वेच्या डिझेल शेडांत ही तपासणी कितीतरी वर्षं नित्याची आहे. दशलक्ष भागांत शंभर भाग लोखंड, हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. सहा किलो तेलात ते ६०० मिलिग्रॅम भरतं, ज्वारीच्या अठरा-वीस दाण्यांइतकं. एवढं लोखंड कॅमच्या नाकावरून, रिंगांवरून, लायनरवरून उतरलेलं असतं, आणि इंजिनाचा आवाज अजून बदललेलाही नसतो.

आमच्या जिल्ह्याला मातीचा नमुना कसा घ्यायचा हे शिकवावं लागत नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं नाव इथल्या शेतकऱ्याला माहीत आहे, माती परीक्षणाच्या पत्रिका घरोघर आहेत. २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा आवार जालन्यातच आहे, आणि मूळ संस्थेत तेलांच्या रसायनाचा स्वतंत्र विभाग आहे. बियाण्यांच्या कंपन्या आणि पोलादाच्या भट्ट्या उभ्या करणाऱ्या या गावात शंभर मिलिलिटर ऑइल बाटलीत भरून दिलं की आठवड्यात कागद हातात मिळावा, ही अपेक्षा मला मुळीच अवाजवी वाटत नाही. इथल्या भट्ट्यांत देशभरातली भंगार इंजिनं वितळून सळया होतात. त्यांतली काही तरी वेळेआधी भट्टीकडे आलेली असणार.

ती सोय होईपर्यंत एक साधी कसोटी आहे आणि ती गॅरेजात, गोठ्यात, कुठंही होते. इंजिन तापलेलं असताना पट्टीवरचा एक थेंब गाळणकागदावर सोडायचा. कागद चार कोपऱ्यांवर टेकवून अधांतरी ठेवायचा, खालून कशाला लागू द्यायचा नाही. रात्रभर तो तसाच राहू द्यायचा. तेल कागदात पसरताना काजळीला बरोबर नेतं. विखुरकं द्रव्य जिवंत असेल तर काजळी कडेपर्यंत जाते आणि राखाडी रंग बाहेरच्या बाजूला हलकेच विरत जातो. ते संपलं असेल तर काजळी मध्येच दाट काळा ठिपका होऊन बसते, त्याची कड रेघेसारखी उठते, आणि बाहेर नुसतं तेल पसरतं. कधी सर्वांत बाहेर एक फिकट वलय दिसतं, ती इंधनाची खूण. टक्केवारी या कागदावरून कळत नाही, पण चिमटीत जे एकमेकांना झाकतं ते इथं वेगवेगळं होऊन समोर पसरतं.

मामांच्या इंजिनातून काढलेलं ऑइल कॅनमध्ये तसंच ठेवलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून गाळणकागद आणून आम्ही त्याचा थेंब सोडला, आणि शेजारी नव्यानं बांधलेल्या इंजिनातल्या, साठ तास चाललेल्या ऑइलचा. सकाळी मिस्त्रींनाही बोलावलं. दुसऱ्या कागदावर पावसाळी ढगासारखा एकसारखा करडा गोल होता. पहिल्यावर रुपयाएवढा काळाकुट्ट ठिपका, भोवती कोरडी पिवळट पट्टी, तिच्या बाहेर जवळजवळ पारदर्शक कडं. मिस्त्रींनी पहिला कागद खिडकीच्या उजेडात धरला, दुसऱ्या हातानं कॅनमधलं ऑइल पुन्हा चिमटीत घेतलं, चोळलं, तार ओढून बघितली. "हातात तं चांगलंच लागतंय, दादा," ते म्हणाले आणि कागदाकडे बराच वेळ बघत राहिले.

आता दर शंभर तासांनी मामा एक कागद काढतात. त्याच्या कोपऱ्यात तारीख आणि मीटरवरचे तास पेन्सिलीनं लिहितात. माती परीक्षणाच्या पत्रिकेच्या वर, शेडमधल्या खिळ्याला ते कागद तारेत ओवलेले आहेत. मागच्या पंधरवड्यातल्या कागदावर करड्या गोलाची कड थोडी ठळक झालेली दिसली, तेव्हा ऑइल बदलायच्या अडीचशे तासांच्या मुदतीची वाट न बघता त्यांनी ऑइल बदललं.